गैरहजराचे मत

१७८३ चा डिसेंबर. सालबाईच्या तहाला पुणे दरबाराची मान्यता मिळून वर्षही झाले नव्हते. मराठ्यांशी झालेल्या त्या लांबलेल्या युद्धाने ईस्ट इंडिया कंपनीची तिजोरी खरवडून निघाली होती, आणि ही कंपनी यापुढे कोणाच्या ताब्यात असावी यावर लंडनमध्ये रण माजले होते. परराष्ट्रमंत्री चार्ल्स जेम्स फॉक्स याने एक विधेयक आणले. हिंदुस्थानचा कारभार कंपनीच्या संचालकांकडून काढून सात आयुक्तांच्या हाती द्यायचा, आणि त्या सातांची नावे विधेयकातच लिहायची, अशी त्याची योजना होती. कॉमन्सने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, ८ डिसेंबरला ते २०८ विरुद्ध १०२ मतांनी मंजूर केले. आता ते लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात जायचे होते.

राजा तिसरा जॉर्ज याला फॉक्स डोळ्यांसमोर नको होता. त्याने अर्ल टेंपल या उमरावामार्फत निरोप फिरवला: या विधेयकाच्या बाजूने मत देणारा माझा मित्र तर नाहीच, मी त्याला शत्रू समजेन. राजाने सभागृहाच्या मतात असा उघड हात घालणे घटनेला धरून नव्हते, आणि हे सगळ्यांना कळत होते. तरी निरोप पोचला. तो बाकांवर बसलेल्यांपर्यंत पोचला, तसा दूरच्या गढ्यांत आणि वाड्यांत बसलेल्यांपर्यंतही पोचला, कारण त्या गैरहजर उमरावांनाही मत होते. स्वतः न येता दुसऱ्या उमरावाच्या नावे एक कागद लिहून दिला की त्यांचे मत मोजले जाई. तो कागद म्हणजे प्रॉक्सी.

१५ डिसेंबरला पहिली झुंज झाली. तहकुबीच्या प्रस्तावावर सरकारविरुद्ध ६९ उमराव प्रत्यक्ष उभे राहिले आणि १८ प्रॉक्सी पडल्या, एकूण ८७. सरकारच्या बाजूने ५७ उमराव आणि २२ प्रॉक्सी, एकूण ७९. दोन दिवसांनी खुद्द विधेयकावर मत झाले तेव्हा विरोधकांकडे ७५ उमराव आणि २० प्रॉक्सी होत्या, सरकारकडे ५७ उमराव आणि १९ प्रॉक्सी. विधेयक ९५ विरुद्ध ७६ मतांनी पडले. १८ तारखेच्या मध्यरात्री राजाने फॉक्स आणि त्याचा सहकारी मंत्री लॉर्ड नॉर्थ यांच्याकडून मंत्रिपदाच्या मुद्रा परत मागवल्या, आणि दुसऱ्या दिवशी चोवीस वर्षांचा विल्यम पिट पंतप्रधान झाला. पुढच्याच वर्षी पिटचा इंडिया ॲक्ट आला, बोर्ड ऑफ कंट्रोल स्थापन झाले, आणि कंपनीचा हिंदुस्थानातला कारभार पुढची जवळजवळ पंचाहत्तर वर्षे त्या चौकटीत चालला.

सरकारच्या बाजूचे आकडे पाहण्यासारखे आहेत. प्रत्यक्ष उभे राहणारे दोन्ही दिवशी ५७. प्रॉक्सी मात्र २२ वरून १९ वर आल्या. सभागृहात बसून फॉक्सच्या मित्रांची भाषणे ऐकणाऱ्यांचा आकडा हलला नाही, ज्यांनी एकही भाषण ऐकले नव्हते त्यांचा हलला. या तीन कागदांनी निकाल फिरवला असे नाही, एकोणीस मतांचा फरक होता. पण प्रॉक्सी ही वस्तू काय आहे आणि तिच्यावर कोणाचा दाब चालतो हे त्यातून दिसते. दुसऱ्याच्या हाती मत सोपवणे याचा कायद्यात नेमका अर्थ काय, हा प्रश्न इंग्रज उमरावांनी साडेचारशे-पाचशे वर्षे वेगवेगळ्या प्रकारे सोडवून पाहिला, आणि त्यांनी घातलेली बहुतेक बंधने आज मुंबईतल्या एखाद्या कंपनीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत, थोड्या वेगळ्या शब्दांत, वाचायला मिळतात.

सुरुवात धर्मपीठांपासून झाली. मध्ययुगात राजा सभेला बोलावी तेव्हा बिशप आणि मठाधिपती यांना दूरवरून, वाईट रस्त्यांनी, आठवडेच्या आठवडे प्रवास करून यावे लागे. चर्चच्या कायद्यात आपल्या वतीने बोलायला आणि करार करायला मुखत्यार नेमण्याची जुनी रीत होती. ती त्यांनी राजाच्या सभेतही आणली, आणि हळूहळू सरदारांनीही ती उचलली. गैरहजर राहायचे तर राजाची परवानगी लागे, आणि परवानगी घेणाऱ्याने आपल्या जागी कोणाला तरी अधिकार द्यावा अशी अपेक्षा असे. आरंभी हा अधिकार घेणारा सभेचा सदस्यच असावा असे बंधन नव्हते. पुढे मात्र तो उमरावच असला पाहिजे असे ठरत गेले. या बदलाने प्रॉक्सीचे रूप पालटले. पूर्वी ती गैरहजर माणसाची सोय होती. आता ती हजर माणसाच्या हातातली ताकद झाली, कारण सभागृहात बसलेल्या एका उमरावाच्या खिशात स्वतःचे एक मत आणि इतरांची कितीही मते असू शकत होती.

ही ताकद कुठवर जाऊ शकते हे १६२६ मध्ये दिसले. राजा पहिला चार्ल्स गादीवर येऊन वर्ष होत आले होते. त्याचा लाडका ड्यूक ऑफ बकिंगहॅम हा आरमाराचा प्रमुख होता आणि दरबारात त्याच्याशिवाय पान हलत नव्हते. काडीझवरची स्वारी फसली होती, खलाशी उपाशी परतले होते, आणि कॉमन्स बकिंगहॅमवर महाभियोग आणायच्या तयारीत होते. महाभियोगाचा निवाडा लॉर्ड्स करणार. आणि त्या सभागृहात बकिंगहॅमकडे स्वतःच्या मताखेरीज डझनाहून अधिक प्रॉक्सी होत्या. ज्याची चौकशी व्हायची, त्याच्याच हातात न्यायसभेतली एवढी मते.

२५ फेब्रुवारी १६२६ रोजी लॉर्ड्सने ठराव केला: या अधिवेशनानंतर कोणाही उमरावाला दोनपेक्षा जास्त प्रॉक्सी घेता येणार नाहीत आणि दोनपेक्षा जास्त मोजल्या जाणार नाहीत. धर्मपीठाच्या सदस्याची प्रॉक्सी धर्मपीठाच्या सदस्यालाच देता येईल, सरदाराची सरदारालाच. ‘या अधिवेशनानंतर’ हे शब्द महत्त्वाचे. बकिंगहॅमच्या हातातले कागद त्या अधिवेशनापुरते शाबूत राहिले. त्याला थेट भिडण्याचे धैर्य अजून सभागृहात नव्हते, पण नियम करण्याचे होते, आणि नियम टिकला.

राजाने दुसऱ्या बाजूने घाव घातला. बकिंगहॅमच्या विरोधकांत अर्ल ऑफ अरुंडेल हा वजनदार उमराव होता आणि त्याच्याकडेही अनेक गैरहजरांच्या प्रॉक्सी होत्या. त्याच्या मुलाने राजघराण्याशी नाते असलेल्या मुलीशी परवानगीशिवाय लग्न केले, एवढे निमित्त साधून राजाने मार्चमध्ये अरुंडेलला लंडनच्या टॉवरमध्ये तुरुंगात टाकले. एका माणसाला कोंडले की एकच मत जात नव्हते, त्याच्यावर विश्वास ठेवून घरी बसलेल्या सगळ्यांची मते त्याच्याबरोबर कोठडीत जात होती. प्रॉक्सीची ही बाजू मला सर्वांत गंभीर वाटते. मत सोपवणारा स्वतः मोकळा असतो, पण त्याचे मत दुसऱ्याच्या नशिबाला बांधलेले असते. लॉर्ड्सनी हट्ट धरला, अरुंडेल परत येईपर्यंत कामकाज अडवले, आणि जूनमध्ये तो आपल्या जागेवर परतला. आठवड्याभरातच, १५ जूनला, चार्ल्सने पार्लमेंट बरखास्त केली. महाभियोग तिथेच राहिला. दोन वर्षांनी पोर्ट्समथमध्ये जॉन फेल्टन नावाच्या एका असंतुष्ट लष्करी अधिकाऱ्याने बकिंगहॅमला भोसकून मारले.

दोन प्रॉक्सींचा नियम पुढे जवळजवळ अडीच शतके चालला, आणि त्याभोवती इतर नियमांचे कुंपण उभे राहिले. प्रत्येक प्रॉक्सी सभागृहाच्या कारकुनाकडच्या वहीत नोंदवावी लागे. ती त्या अधिवेशनापुरतीच चाले. देणारा स्वतः सभागृहात येऊन बसला की प्रॉक्सी आपोआप रद्द होई, वेगळा कागद करावा लागत नसे. न्यायनिवाड्याच्या प्रकरणात तिला जागा नव्हती, कारण साक्षीपुरावा न ऐकता निकाल देणे कोणाच्याच बुद्धीला पटत नव्हते. आणि सगळे सभागृह समिती म्हणून बसून विधेयकाच्या कलमाकलमावर चर्चा करी, तेव्हाही प्रॉक्सी चालत नसे. तिथे दुरुस्त्या जागच्या जागी सुचवल्या जात, शब्द बदलत, युक्तिवादाने माणसे बदलत. घरी बसलेल्याला त्यातले काही माहीत असणे शक्य नव्हते. म्हणजे उमरावांनीच मान्य केले होते की काही मते ऐकल्याशिवाय देता येत नाहीत. मोठ्या प्रश्नांवर मात्र, जिथे विधेयक ठेवायचे की फेकायचे एवढेच ठरायचे, तिथे प्रॉक्सी चालत राहिली. पक्षांचे पुढारी महत्त्वाच्या मतदानाआधी पत्रांमागून पत्रे पाठवून त्या गोळा करीत.

या समितीच्या नियमाने इंग्लंडला १८३२ मध्ये बंडाच्या उंबरठ्यापर्यंत नेले, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

मताधिकार वाढवणारे आणि ओसाड गावांच्या नावे चालणाऱ्या जागा काढून टाकणारे सुधारणा विधेयक अर्ल ग्रेच्या सरकारने आणले होते. ८ ऑक्टोबर १८३१ च्या पहाटे, पाच रात्रींच्या चर्चेनंतर, लॉर्ड्सने ते फेटाळले. बाजूने १२८ उमराव हजर आणि ३० प्रॉक्सी, एकूण १५८. विरुद्ध १५० हजर आणि ४९ प्रॉक्सी, एकूण १९९. एकवीस बिशपांनी विरुद्ध मत दिले होते, त्यामुळे लोकांचा राग धर्मपीठांवरही निघाला. डर्बीत दंगल झाली, नॉटिंगहॅमचा किल्लेवजा वाडा जाळला गेला, ब्रिस्टलमध्ये बिशपचे निवासस्थान आणि तुरुंग पेटवले गेले आणि शहर तीन दिवस जमावाच्या हाती होते.

विधेयक पुन्हा आले. १४ एप्रिल १८३२ रोजी, पुन्हा पहाटेच, दुसऱ्या वाचनावर मत झाले. या वेळी बाजूने १२८ हजर आणि ५६ प्रॉक्सी, एकूण १८४. विरुद्ध १२६ हजर आणि ४९ प्रॉक्सी, एकूण १७५. विधेयक नऊ मतांनी तरले. सभागृहात उभ्या राहिलेल्या समर्थकांचा आकडा सहा महिन्यांपूर्वी होता तोच: १२८. हजर विरोधक १५० वरून १२६ वर आले होते. आणि समर्थनाच्या प्रॉक्सी ३० वरून ५६ वर गेल्या होत्या. हजर माणसांपुरते पाहिले तर आघाडी फक्त दोन मतांची होती, उरलेली सात कागदांची. काही जण मत बदलूनही समोरासमोर उभे राहायला कचरले असतील आणि त्यांनी प्रॉक्सीचा आडोसा घेतला असेल, असे या आकड्यांवरून वाटते. गैरहजर राहून मत देता येणे ही अशा वेळी भित्र्या माणसाची सोय असते, आणि कधी कधी तिच्यामुळे चांगले कामही पार पडते.

पण दुसऱ्या वाचनानंतर समितीचा टप्पा होता, आणि समितीत प्रॉक्सी नाही. ७ मेला विरोधकांकडून लॉर्ड लिंडहर्स्टने एक प्रस्ताव मांडला. ओसाड जागा रद्द करण्याची कलमे आधी न घेता पुढे ढकलावीत, एवढाच त्याचा मजकूर. दिसायला क्रमवारीचा मुद्दा, पण त्याने विधेयकाची सूत्रे विरोधकांच्या हाती गेली असती. प्रस्ताव १५१ विरुद्ध ११६ मतांनी मंजूर झाला. ५६ कागद वहीत पडून होते आणि त्यांचा उपयोग शून्य होता. दोष सगळा प्रॉक्सीच्या नियमावर ढकलणे योग्य नाही. एप्रिलमध्ये कुंपणावरून इकडे उतरलेले काही उमराव मेमध्ये परत तिकडे गेले होते, हेही आकड्यांतच दिसते. तरीही ज्या बहुमतावर सरकार विसंबून होते त्यातले मोठे वजन सभागृहाच्या दाराबाहेर राहणारे होते, आणि दार लावल्यावर ते कळले.

पुढचे दहा दिवस इंग्लंडच्या इतिहासात ‘मेचे दिवस’ म्हणून ओळखले जातात. राजा चौथा विल्यम विधेयकाच्या बाजूने मत देतील असे पुरेसे नवे उमराव निर्माण करायला तयार होईना, म्हणून ग्रेने ९ मेला राजीनामा दिला. ड्यूक ऑफ वेलिंग्टनला सरकार बनवता आले नाही. वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला तोच आर्थर वेलस्ली. बँक ऑफ इंग्लंडमधून सोने काढून घ्या, ड्यूकला रोखा, अशी पत्रके लंडनच्या भिंतींवर लागली, आणि लोकांनी खरोखरच सोने काढायला सुरुवात केली. शेवटी राजा नमला आणि नवे उमराव करण्याचे वचन त्याने दिले. ती वेळ येऊ नये म्हणून वेलिंग्टन आणि त्याचे साथीदार मतदानाच्या दिवशी आलेच नाहीत. ४ जूनला तिसरे वाचन १०६ विरुद्ध २२ मतांनी झाले, ७ जूनला कायदा झाला. शेवटचा निर्णयही गैरहजरांनीच घडवला, पण या वेळी त्यांनी कागद पाठवला नाही.

यानंतर प्रॉक्सीचे दिवस भरत आले. ज्या देशात मत देणाऱ्यांची संख्या वाढते आहे, तिथे शिकारीला गेलेल्या उमरावाने न ऐकता मत द्यावे हे वर्तमानपत्रांना आणि खुद्द काही उमरावांनाही खटकू लागले. ८ जुलै १८६४ रोजी ते ठळकपणे समोर आले. डेन्मार्कच्या प्रश्नावर पंतप्रधान पामर्स्टनच्या सरकारविरुद्ध निंदाप्रस्ताव होता. त्या रात्री लॉर्ड्समध्ये सरकारच्या बाजूने १२३ उमराव हजर होते, विरुद्ध ११९. चर्चा ऐकणाऱ्यांनी सरकारवर चार मतांनी विश्वास दाखवला होता. मग प्रॉक्सी मोजल्या: सरकारकडे ४५, विरोधकांकडे ५८. निंदाप्रस्ताव १७७ विरुद्ध १६८ मतांनी मंजूर झाला. त्याच रात्री कॉमन्सने सरकारला अठरा मतांनी तारले, म्हणून ते टिकले. चार वर्षांनी, ३१ मार्च १८६८ रोजी, लॉर्ड्सने प्रॉक्सी मागण्याची रीत बंद करणारा स्थायी आदेश केला. ती कायमची गाडली नाही. दोन दिवसांची सूचना देऊन हा आदेश स्थगित करण्याची वाट ठेवली. त्या वाटेने पुन्हा कोणी गेले नाही.

पण लॉर्ड्समधून ती निघाली तोवर तिला दुसरे घर मिळालेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रेल्वे, बँका, कालवे, गिरण्या यांच्या कंपन्या उभ्या राहात होत्या आणि त्यांचे भागधारक देशभर, पुढे जगभर पसरलेले होते. मँचेस्टरच्या विधवेने लंडनच्या सभेला यावे कसे? १८६२ च्या ब्रिटिश कंपनी कायद्याला जोडलेल्या नमुना नियमावलीत प्रॉक्सीची तरतूद होती: कागद सभेच्या ७२ तास आधी नोंदणीकृत कार्यालयात पोचला पाहिजे, आणि प्रॉक्सी म्हणून नेमलेला माणूस कंपनीचा सदस्यच असला पाहिजे. उमरावाची प्रॉक्सी उमरावालाच, या जुन्या नियमाची ही सावली. १८६६ चा हिंदुस्थानातला कंपनी कायदा त्याच वळणावर गेला. शेअरबाजाराच्या वेडाने मुंबई होरपळून निघाल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

कायद्याच्या दृष्टीने खरा प्रश्न १८८३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे आला. हार्बेन विरुद्ध फिलिप्स या खटल्यात न्यायालयाने सांगितले की दुसऱ्याकरवी मत देण्याचा कोणताही हक्क रूढ कायद्यात नाही. सभेत मत म्हणजे स्वतः येऊन दिलेले मत. प्रॉक्सी चालायची असेल तर कंपनीच्या नियमावलीने ती दिलेली असली पाहिजे, आणि दिली असेल तर तिच्यातल्या अटी अक्षरशः पाळल्या पाहिजेत. उमरावांचा तो परंपरागत विशेषाधिकार होता, भागधारकाचा तो केवळ करारातून आलेला. हा फरक मोठा आहे. ज्या सभेच्या नियमांत प्रॉक्सीचा उल्लेख नाही तिथे ती नाही, असा निष्कर्ष यातून निघतो, आणि मंडळांच्या, ट्रस्टांच्या, क्लबांच्या सभांत यावरून आजही वाद होतात.

कंपन्यांत मग बकिंगहॅमची जागा संचालक मंडळाने घेतली. सभेच्या नोटिशीबरोबर छापील प्रॉक्सीफॉर्म, त्यात संचालकांची नावे आधीच भरलेली, टपालाचे तिकीटही लावलेले, आणि सगळा खर्च कंपनीचा. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या एका भागधारकाने याला हरकत घेतली. १९०७ च्या पील खटल्यात न्यायालयाने संचालकांची बाजू उचलली: कंपनीच्या हिताचे धोरण भागधारकांना समजावून सांगणे आणि त्यांचे मत मिळवणे यावर कंपनीचा पैसा खर्च करता येतो. माझ्या मते हा निकाल कायद्याला धरून असला तरी त्याचे परिणाम लहान भागधारकाला महागात पडले. विरोध करणाऱ्याला तिकिटे स्वतःच्या खिशातून आणावी लागतात.

हिंदुस्थानात मॅनेजिंग एजंटांच्या, म्हणजे कंपन्यांचा कारभार कराराने चालवणाऱ्या घराण्यांच्या, हाती गिरण्यांच्या सभा होत्या, आणि विखुरलेले भागधारक क्वचितच मुंबईला येत. स्वातंत्र्यानंतर कंपनी कायद्याच्या फेरविचारासाठी नेमलेल्या भाभा समितीच्या अहवालावर बेतलेला १९५६ चा कंपनी कायदा आला, तेव्हा प्रॉक्सी नेमणे हा भागधारकाचा कायद्याने दिलेला हक्क झाला. कंपनीला तो नियमावलीतून काढून घेता येत नाही. प्रॉक्सी सदस्यच असावा ही अट गेली. कागद सभेच्या ४८ तासांहून आधी मागता येणार नाही असे ठरले. २०१३ च्या कायद्यातले १०५ वे कलम याच आराखड्यावर आहे. आणि त्याखालच्या नियमांत १६२६ चा ठराव पुन्हा भेटतो: एका व्यक्तीला जास्तीत जास्त ५० सदस्यांची प्रॉक्सी घेता येते, आणि त्या सगळ्यांचे मिळून मतदानाचा हक्क असलेले भागभांडवल एकूण भांडवलाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

प्रॉक्सी म्हणून नेमलेल्या व्यक्तीला काय करता येते? तिला सभेत बोलता येत नाही. हात वर करून मतदान झाले तर तिचा हात मोजत नाहीत. मतपत्रिकेने मतदान झाले तरच तिचे मत. म्हणजे कायद्याने तिला फक्त एक काम दिले आहे, भागांच्या संख्येइतके वजन तराजूत टाकणे. देणारा स्वतः येऊन मत देऊ लागला तर प्रॉक्सी बाजूला पडते. १९३१ च्या कझिन्स खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने तेच म्हटले, आणि लॉर्ड्समध्ये ते शतकानुशतके चालत होते. आपल्याकडच्या नमुना नियमावलीत आणखी एक कलम आहे: प्रॉक्सी देणारा सभेआधी मरण पावला तरी, सभा सुरू होण्यापूर्वी कंपनीला त्याची लेखी खबर मिळाली नसेल, तर दिलेले मत ग्राह्य. एजन्सीच्या कायद्यात मालकाच्या मृत्यूने अधिकार संपतो. सभेत मात्र मोजणी अडू नये म्हणून हा अपवाद. भागधारकाचे मत त्याच्या मनाशी जितके जोडलेले आहे, त्याहून त्याच्या भागांशी जास्त जोडलेले आहे, म्हणून हे शक्य होते.

याच्या नेमके उलट महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांत आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे २७ वे कलम सांगते की सदस्याला एकच मत, आणि ते त्याने स्वतः बजावायचे, प्रॉक्सीमार्फत नाही. साखर कारखान्याच्या ऊस उत्पादक सभासदाने दहा भाग घेतले काय किंवा शंभर, मत एक. म्हणून वार्षिक सभेला गावोगावची माणसे ट्रॅक्टर आणि जीप भरून येतात. गृहनिर्माण सोसायटीत फ्लॅट दोघांच्या नावे असेल तर दाखल्यावर पहिले नाव असलेल्याला मत, तो नसेल तर दुसऱ्याला. ते प्रॉक्सीचे मत नाही, दुसराही मालकच असतो. परगावी राहणारे सदस्य दरवर्षी सेक्रेटरीला विचारतात की आमच्या भावाला पत्र देऊन पाठवू का, आणि दरवर्षी त्यांना नकार ऐकावा लागतो. त्यांची अडचण खरी आहे. पण एक माणूस एक मत या तत्त्वावर उभ्या संस्थेत प्रॉक्सी आली तर दोन-चार वर्षांत प्रत्येक इमारतीला आपला बकिंगहॅम मिळेल, आणि हा नकार त्याच धोक्यापायी आहे. मला तो योग्य वाटतो.

कंपन्यांतही प्रॉक्सीची गरज ओसरते आहे. इलेक्ट्रॉनिक मतदान आले, आणि एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत कंपनी व्यवहार मंत्रालयाने दृक्‌श्राव्य माध्यमातून सभा घ्यायला परवानगी दिली. प्रत्यक्ष हजेरीच नसल्याने अशा सभांत प्रॉक्सी नेमण्याची सोय ठेवायची नाही, असे त्या परिपत्रकातच होते. भागधारक घरबसल्या ऐकू शकतो, विचारू शकतो, मत देऊ शकतो.

सार्वत्रिक निवडणुकीत भारताने प्रॉक्सीला एकच दार उघडले आहे. २००३ च्या दुरुस्तीने सैन्यदलातल्या मतदाराला आपल्या मतदारसंघातल्या एका व्यक्तीला आपल्या वतीने मत द्यायला नेमता येते. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावात, जिथे पिढ्यानपिढ्या घराघरांतून फौजेत भरती होते, या तरतुदीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सियाचीनमध्ये असलेल्या मुलाचे मत बाप देऊ शकतो. बापाच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागते, कारण तर्जनीवर त्याच्या स्वतःच्या मताची असते.

परदेशात राहणाऱ्या भारतीयांनाही ही सोय द्यावी असे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केले. दुबईतल्या, लंडनमधल्या, न्यू जर्सीतल्या मराठी माणसांच्या गटांत त्यावर बरीच चर्चा झाली. आक्षेप दोन होते. नेमलेला माणूस सांगितल्याप्रमाणेच मत देईल याची खात्री कशी पटवायची, आणि त्याला सांगावेच लागणार तर मतदानाची गुप्तता कुठे उरली? सैनिकाच्या बापाबाबत हे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तिथे घर आणि गाव त्यांची उत्तरे देते. लाखो अनोळखी मतदारांच्या बाबतीत ती उत्तरे कोण देणार? राज्यसभेत ते विधेयक पुढे सरकले नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्दबातल झाले. २०२० च्या अखेरीस निवडणूक आयोगाने वेगळी वाट सुचवली: परदेशातल्या मतदाराकडे मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवावी, त्याने ती स्वतः भरून टपालाने परत करावी. त्यावर कायदा अजून झालेला नाही, आणि परदेशातल्या मतदाराला आजही मत द्यायचे तर विमानाचे तिकीट काढून आपल्या मतदानकेंद्रावर स्वतः यावे लागते.